मूठभर कणीक

ग्लूटेन हा शब्द मी म्हातारपणी ऐकला. नातीच्या तोंडी तो सारखा असतो. यात ग्लूटेन आहे, त्यात नाही, हे मला चालत नाही. पण गव्हाचा कण नसलेला ईस्टरचा स्वयंपाक मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी अकोल्याला आखला होता, साठ सालच्या आगेमागे. आजारी बहिणीच्या मायेपोटी आखला, असं मी पुष्कळ वर्षं सगळ्यांना सांगत आले. ऐकणारे हळहळायचे आणि माझं कौतुक करायचे. खरं म्हणजे तो मी माझं लग्न जमावं म्हणून आखला होता. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे लपवालपवी करायला जागा उरणार नाही.

आम्ही ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, आई घरी, आणि आम्ही दोघी बहिणी. धाकटी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. लहानपणापासून तिचे हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं फुगलेलं. जेवली की पोट धरून बसायची, आणि दिवसातून किती वेळा लोटा घेऊन धावायची ते विचारू नका. काढे झाले, जंताची औषधं झाली, प्रार्थना तर रोजच्याच. शेजारणीने पोटावर डाग द्यायला सांगितलं होतं, तेवढं वडिलांनी होऊ दिलं नाही. ती सोळा वर्षांची झाली तेव्हा मिशनच्या दवाखान्यात परदेशाहून एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तिला पंधरा दिवस ठेवून घेतलं, नाना प्रश्न विचारले, आणि आईला बोलावून तोडक्यामोडक्या मराठीत सांगितलं, "गव्हात एक चिकट पदार्थ असतो. तो हिच्या आतड्याला सोसत नाही. गहू बंद. चिमूटभरसुद्धा नाही."

आईला हे फार लागलं. आजार लागला नाही, उपाय लागला. तिचा बाप दुसऱ्याच्या वावरात राबणारा, तिचं सगळं बालपण ज्वारीच्या कण्यांवर गेलेलं. मास्तरशी लग्न झाल्यावर घरात गव्हाचं पोतं आलं, तेव्हा आपण वर आलो असं तिला वाटलं होतं. "म्हणजे पोट्टीले आता जलमभर ज्वारीच खाऊ घालू काय?" ती दवाखान्याच्या पायरीवरच कडाडली. "लोक म्हणतीन, मास्तरच्या घरी पोळी नाई भेटत."

पण पोरगी सुधारली. महिन्याभरात पोट उतरलं, तीन महिन्यांत गालावर मांस दिसायला लागलं. आठ महिन्यांत ती इतकी बदलली की शाळेतल्या बाया तिला ओळखायच्या नाहीत. आणि पथ्य पाळावं तर तिनेच. प्रभुभोजनाच्या वेळी पावाच्या तुकड्यांचं ताट समोर आलं की ती ते तसंच पुढे सरकवायची आणि नुसता प्याला घ्यायची. बाकावरच्या बाया कुजबुजायच्या. कुजबुजू देत, म्हणायची. देवाच्या घरचा तुकडाही तिने आठ महिने तोंडात घातला नव्हता, हे ध्यानात ठेवा.

डॉक्टरीणबाईंचा तिच्यावर जीव बसला. जूनमध्ये दवाखान्यात नर्सिंगचा नवा वर्ग सुरू होणार होता, त्यात तिला घ्यायचं त्यांनी ठरवलं. अट एकच, वजन पंच्याऐंशी पौंडांच्या वर हवं, कारण त्याखालच्या मुलीला रात्रपाळी झेपत नाही. ईस्टरनंतरच्या शुक्रवारी शेवटचं वजन करायचं होतं. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या सुमाराला तिचं वजन सत्त्याऐंशी भरलं. त्या दिवशी ती दवाखान्यापासून घरापर्यंत पळत आली. तिला पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. आल्या आल्या तिने पांढऱ्या कापडाची चौकशी सुरू केली.

त्याच आठवड्यात माझं स्थळ आलं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची बायको, तिला सगळे पाळकीणबाई म्हणायचे, तिने ते आणलं. मुलगा अमरावतीला सरकारी कचेरीत कारकून, वडील नाहीत, घरात तो आणि त्याची आई. ईस्टरच्या दुपारी दोघं आमच्याकडे जेवायला येणार, मुलगी पाहणार आणि बोलणी करणार. मी काळी, उंच आणि जिभेने तिखट. आधीची दोन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. आईने पाळकीणबाईला बजावलं होतं, धाकटीच्या दुखण्याचं तिकडे बोलू नका. पाळकीणबाईने बोलणं कसं थांबवायचं? तिने अर्धं सांगितलं. लहानपणी जरा अशक्त होती, आता ठणठणीत आहे. आतड्याच्या रोगाचं घराणं म्हटलं असतं तर मुलाची आई रेल्वेच्या डब्यातच बसली नसती.

आता पेच असा. सणाचं जेवण म्हणजे पोळी. पुरणाची असो नाहीतर साधी. दुपारच्या चहाला केक, तोही आई शेगडीवर वाळूच्या पातेल्यात भाजायची. सगळे पोळी खाणार आणि धाकटी तेवढी भाकर खाणार, तर मुलाची आई विचारणारच, हिचं का वेगळं? तेव्हा मी म्हटलं, सगळ्यांनाच गहू नको. घरात त्या दिवशी गव्हाचं काही शिजायचंच नाही. मग कोणाच्या लक्षात यायचं कारण नाही.

आईने कपाळावर हात मारला. "पाहुण्याईले सणाले भाकर वाढतं काय? नाक कापतं काय माह्यं?"

"मटण-भाकर म्हण," मी म्हटलं. "पोळ्या काय, त्या बाई रोजच खातात. मटणाच्या रश्श्यात भाकर चुरून खाण्यात जी मजा आहे ती पोळीत नाही, असं तूच म्हणतेस."

वडील हसले, आणि आईचा विरोध तिथे अर्धा मोडला. मी जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर यादी केली. मटणाचा रस्सा, सुकं खोबरं आणि खसखस वाटून. ज्वारीच्या भाकरी. गोळाभात, त्यातले गोळे हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्याचे. कांद्याची कोशिंबीर, कैरीचं पन्हं. गोडाला तांदळाची खीर. चहाबरोबर केकऐवजी खोबऱ्याच्या वड्या. फोडणीत हिंग नाही, कारण वाण्याने वडिलांना सांगितलं होतं की बाजारच्या हिंगात कणीक मळलेली असते. धाकटी माझ्या खांद्यावरून वाचत होती. हिंगाचं वाचून म्हणाली, "ताई, तू किती विचार करून राहिली गं माह्यासाठी." मी तिला दुरुस्त केलं नाही.

उरलं पीठ. गिरणीवर बायका "गव्हावरच गहू टाक रे" म्हणून भांडतात, कारण कणकेत ज्वारी आलेली कोणाला चालत नाही. पण ज्वारी गव्हावर पडली तर कोणी हूं की चूं करत नाही, उलट चार चिमट्या गहू फुकट आला म्हणून खूश. म्हणजे गिरणीची ज्वारी आमच्या कामाची नव्हती. तेव्हा धाकटीचं पीठ घरच्या जात्यावर दळलं जायचं, आणि या खेपेला सगळ्यांचंच दळायचं होतं. शुक्रवार म्हणजे उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडे. त्या दिवशी आमच्या घरात जातं फिरत नसे, विळी मांडली जात नसे, चूलसुद्धा उपासना आटोपल्यावर पेटायची. शनिवारी घर सारवायचं, शिवाय मुलाची आई एक दिवस आधीच पाळकीणबाईकडे उतरणार होती, आणि दोन गल्ल्यांवर गिरणी असताना मास्तरच्या पोरी जात्यावर बसतात हे तिच्या कानावर जाणं मला नको होतं. म्हणून मी गुरुवारी दळलं. हाताला फोड येईपर्यंत दळलं आणि डबा घट्ट लावून ठेवला.

भाकरी थापणाऱ्या कुठल्याही बाईला कळलं असेल मी काय करून ठेवलं ते. ज्वारीचं पीठ ताजं लागतं. एप्रिलच्या अकोल्याच्या उन्हात तीन दिवस डब्यात पडलं की त्याची विरी जाते, ते धरून राहत नाही, थापलं की काठ फाटतात. मला हे माहीत होतं. शुक्रवार पाळायच्या आणि लाज झाकायच्या नादात मी ते विसरले. शिवाय ज्वारीही जुनी होती, नांदगाव खंडेश्वरच्या एका पालकाने आदल्या वर्षी वडिलांना आणून दिलेली.

ईस्टरची उपासना झाली. सगळ्यांनी सगळ्यांना सलाम केले, घरी आलो. पाहुणे बाहेरच्या खोलीत बसले. मुलगा गप्प आणि बरा दिसणारा होता. त्याची आई बोलकी, ठसठशीत, हातात घरचा पंखा घेऊन आलेली. ताटं मांडली, रस्सा वाढला, आणि मी पहिली भाकर तव्यावर टाकली. उलटायला गेले तर मधोमध दोन तुकडे. दुसरी थापतानाच परातीत फाटली. आईने उकळतं पाणी घालून पुन्हा मळून दिलं, तिसरी कशीबशी तव्यावर पोचली आणि तिचे काठ झडले. घामाने माझं लुगडं पाठीला चिकटलं होतं. एवढ्यात मुलाची आई स्वयंपाकघराच्या दारात.

"काय वो बाई, लय वेळ लागून राहिला? पोरीच्याच हातच्या हायेत ना भाकरी?" तिने तव्याकडे पाहिलं. परातीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "शहरातल्या पोट्ट्याईले भाकर येतच नाई आता," म्हणाली, आणि हसली. तसलं हसू मी दोनदा पाहिलं होतं. मागल्या दोन्ही स्थळांनी चहाचा कप खाली ठेवताना ते हसू हसलं होतं.

आईने तिला गोड बोलून बाहेर नेऊन बसवलं. परत आली, फळीवरचा कणकेचा डबा काढला आणि भरली मूठ परातीत टाकली. पीठ धरून राहत नसलं की बायका हेच करतात. मूठभर कणीक, बस. आईने माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. मी "आई" एवढंही म्हटलं नाही.

"तिले मी हे तुकडे वाढतो," आईने मोडक्या भाकरी वाटीखाली झाकत हळूच म्हटलं. "हे निखळ ज्वारीचे हायेत. तू थाप."

मी थापली. गोल, पातळ, काठ शाबूत. तव्यावर टम्म फुगली. आई ती घेऊन बाहेर गेली आणि मुलाची आई म्हणाली, "वा!" मला तो शब्द स्वयंपाकघरात ऐकू आला, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

पुढची भाकर घेऊन मीच बाहेर आले. धाकटी मुलाच्या आईशेजारी बसली होती. बाईंनीच तिला ओढून शेजारी बसवलं होतं. तिच्या ताटात भाकर नव्हती, आई आत तुकडे आणायला वळत होती. तेवढ्यात बाईंनी माझ्या हातातली भाकर घेतली, अर्धी मोडली आणि धाकटीच्या ताटात ठेवली. "ले पोरी, खाय. बहिणीच्या हातची हाय. उद्या ती माह्या घरी आल्यावर तुले कोन वाढीन?"

म्हणजे जमलं होतं. त्या एका वाक्यात माझं लग्न जमलं होतं, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं. वडिलांनी मान खाली घातली, त्यांचे डोळे भरले होते. धाकटीने अर्ध्या भाकरीकडे पाहिलं आणि मग वर माझ्याकडे. "ताई, हीच खाऊ ना?" तिने अगदी सहज विचारलं.

"हो, खा की," मी म्हटलं.

मी पाणी सांडू शकले असते. ताट उचलून रस्सा बदलते म्हणू शकले असते. तुला आई आत बोलावते आहे, एवढं म्हणणं पुरलं असतं. साठ वर्षांत असे पन्नास उपाय मला सुचले आहेत. तिने घास घेतला, जरा थांबली, चावला, गिळला. मग ती अर्धी भाकर तिने पूर्ण खाल्ली. बाईंनी आणखी अर्धी वाढली, तीही खाल्ली.

सोमवारी सकाळी तिला सुरू झालं. मंगळवारी ती उठून बसू शकत नव्हती. त्याच मंगळवारी पाळकीणबाई साखर घेऊन आली, अमरावतीचा होकार घेऊन. आईने धाकटीच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि पाळकीणबाईला चहा केला. धाकटीला तांदळाची पेज दिली, केळी दिली, पण पोटात काही ठरत नव्हतं. शुक्रवारी तिला घेऊन मी दवाखान्यात गेले, कारण आईला डॉक्टरीणबाईंपुढे उभं राहायचं नव्हतं.

काटा एक्याऐंशीच्या खाली थांबला. डॉक्टरीणबाईंनी तिला उतरवून पुन्हा चढवलं. मग पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, आणि खुर्चीत बसल्या. "तू गहू खाल्लास," त्या म्हणाल्या. "खरं सांग. सणाला मोह झाला?"

 तिने माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "घरात कोणी दिलं का हिला?"

पडद्याच्या पलीकडे बाकावर पाळकीणबाई बसली होती. डोळे दाखवायला आली होती, आत येताना आम्हाला दिसली होती. तिचे कान कसे आहेत ते सगळ्या अकोल्याला ठाऊक होतं. मी म्हटलं, "नाही डॉक्टरीणबाई. ईस्टरला तर हिच्यासाठी घरात सगळ्यांनीच गहू बंद ठेवला होता."

दुसरं वाक्य यादीपुरतं खोटंही नव्हतं. यादी तशीच होती.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. त्या चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "वजन पुन्हा वाढेल," त्या धाकटीला म्हणाल्या. "एक महिना मी थांबलेही असते. पण घरातली सगळी माणसं तुझ्यासाठी त्याग करतात आणि तू चोरून खातेस, वर बोलतही नाहीस. जी स्वतःचं पथ्य पाळत नाही, तिच्या हाती मी माझे रोगी कसे देऊ?" जागा चांदूर बाजारच्या एका मुलीला दिली. त्यानंतरही दोन वर्षं वर्ग निघाला, डॉक्टरीणबाईंनी हिचं नाव काढलं नाही, आणि हिने जाऊन विचारलं नाही.

घरी वडील तिला बोलले. आयुष्यात पहिल्यांदा बोलले. "जिभेसाठी जन्माचं नुकसान केलंस," म्हणाले. आई चुलीपाशी तांदूळ निवडत बसली होती, तिने मान वर केली नाही. मीही तिथेच होते. वडील वारले तेव्हाही त्यांना हेच खरं वाटत होतं.

मे महिन्यात माझं लग्न झालं आणि मी अमरावतीला गेले. नवरा चांगला निघाला. सासूबाई बोलक्या होत्या पण खाष्ट नव्हत्या, मी सुखाने राहिले. धाकटी अकोल्यालाच राहिली. शिवणकाम शिकली, नर्सच्या वर्गातल्या मुलींचे पांढरे झगे तिच्याकडेच शिवायला यायचे. तिच्यासाठी स्थळ कोणी आणलं नाही. अमरावतीला ती वर्षातून एकदा यायची, माझ्या मुलांना खेळवायची, पण स्वतःच्या पिठाचा डबा घेऊन यायची आणि स्वतःची भाकर स्वतः थापायची. सासूबाई म्हणायच्या, तुझी बहीण जरा विक्षिप्तच आहे.

आई गेली त्यानंतरच्या ईस्टरला मी एकटीच अकोल्याला गेले. वडील आधीच गेले होते, आम्ही दोघीच होतो. धाकटीने मटण केलं, मी परात पुढे ओढली, तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. तेव्हा मला राहवलं नाही. नऊ वर्षं पोटात ठेवलेलं सगळं मी एका दमात सांगितलं. विरी गेलेलं पीठ, मूठभर कणीक, वाटीखालचे तुकडे, सगळं. म्हटलं, मला माफ कर, मी तुला जाणूनबुजून गहू खाऊ घातला.

ती भाकर थापत राहिली. "मले काय सांगतं?" ती म्हणाली. "पयल्या घासालेच समजलं मले. आठ महिने निरी ज्वारी खाल्ली व्हती, कणीक नाई समजत काय?"

"मग खाल्लीस काहून?"

"तू समोरच उभी व्हती. तुह्यं तोंड पाह्यलं मी. म्हटलं, हिचं जमून राहिलं तर जमू द्या. चार दिवस पोट दुखीन, दुखू द्या." तिने भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "त्या भाकरीचा राग नाई मले. ते मीच खाल्ली. पण दवाखान्यात तू बोलशीन, असं वाटलं व्हतं मले. काट्यावरून उतरलो तरी वाटत व्हतं. घरी येईपर्यंत वाटत व्हतं."

तिने भाकर उलटली. माझ्यासाठी तिने सकाळीच पोळ्या करून ठेवल्या होत्या, वेगळ्या तव्यावर. त्या तिने मला वाढल्या आणि ती आपली भाकर घेऊन चुलीपाशी बसली.